धानावरची गादमाशी: पोंगा दिसण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

ऑगस्ट सरत आला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बांध्यांमधून (धानाच्या शेतांमधून) एकच प्रश्न येतो: "चंदेरी पोंगे दिसायला लागलेत, कोणतं औषध मारू?" पोंगा म्हणजे गादमाशीच्या अळीमुळे फुटव्याची झालेली पोकळ, रुपेरी नळी. या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकायला कठीण आहे. जो पोंगा तुम्हाला दिसतोय, त्याच्यासाठी आता कुठलंच औषध उरलेलं नाही. त्या फुटव्याला लोंबी येणार नाही, आणि आतली माशी एक तर उडून गेली आहे किंवा दोन-चार दिवसांत उडणार आहे. तरी लोक फवारतात, पैसे घालतात आणि पुढच्या पिढीच्या वेळी पुन्हा तेच करतात.

गादमाशीचं काम उलटं मोजून करावं लागतं. पोंगा दिसण्याचा दिवस धरून मागे यायचं आणि माशी अंडी घालत होती त्या दिवसांत बांधीत हजर राहायचं. पुढचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे.

आधी माशीचे दिवस पाठ करा

गादमाशी ज्या कुळातली आहे त्यातल्या माश्या अगदी लहान, सडपातळ आणि लांब पायांच्या असतात. जगात या कुळाच्या सहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. ज्वारीच्या कणसातली मिजमाशी याच कुळातली, आंब्याच्या मोहोरावरची मिजमाशीही यातलीच. काही जातींच्या अळ्या तर माव्यावर जगतात, म्हणजे आपल्या कामाच्या. तेव्हा दिसली बारीक माशी की मारा, असं करू नका.

धानाची गादमाशी डासाएवढी किंवा त्याहून थोडी लहान, साधारण ३ ते ३.५ मिलिमीटरची असते. मादीचं पोट लालसर आणि जाडसर असतं, नर त्याहून बारीक आणि फिकट. ती चावत नाही आणि पानही खात नाही. एक ते पाच दिवस जगते, तेवढ्यात मादी शंभराच्या वर अंडी घालते. नुकसान सगळं अळीचं आहे.

दिवसांचा हिशेब असा:

- अंडं फुटायला ३ ते ४ दिवस. हवा दमट नसेल तर अंडी वाळून जातात.
- अंड्यातून निघालेली अळी पानावरच्या दवाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून खाली सरकते आणि खोड व आवरण यांच्या फटीतून कोंबाच्या टोकापर्यंत पोहोचते. एवढाच काळ ती उघड्यावर असते.
- आत १५ ते २० दिवस खाते. तिच्या खाण्यामुळे पानाचं आवरण फुगून नळी होते, तीच गाद.
- कोष २ ते ८ दिवस. शेवटी कोष नळीतून वर सरकतो, टोकाजवळ भोक पाडतो आणि रात्री माशी बाहेर पडते.

नळी झपाट्याने वाढून नजरेत भरते ती अळी कोषात जाण्याच्या सुमारास. म्हणजे पोंगा डोळ्यांना दिसतो तेव्हा तीन-साडेतीन आठवड्यांची गोष्ट संपत आलेली असते.

ढगाळ हवा, रिमझिम पाऊस, पानं दिवसभर ओली: असे आठ दिवस लागले की सावध व्हायचं. धो-धो पाऊस पडून नंतर कडक ऊन पडलं तर माशीला ते मानवत नाही.

तयारी: घरातून काय घेऊन निघायचं

वही, दाढीचं ब्लेड, जमल्यास भिंग आणि बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट. चौकट नसेल तर चूड (एका जागी रोवलेल्या रोपांचा झुपका) मोजा. २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर रोवणी असेल तर एका चौरस मीटरमध्ये साधारण ३३ चूड बसतात.

वहीत तीन गोष्टी लिहा: पऱ्हे (रोपं) टाकल्याची तारीख, रोवणीची तारीख आणि वाणाचे एकूण दिवस. या तीन गोष्टींशिवाय पुढची एकही पायरी नीट जमत नाही. मी सुरुवातीची दोन-तीन वर्षं तारखा डोक्यात ठेवायचो. दाणेदार औषध दर वेळी आठवडाभर उशिरा पडलं आणि मी दोष औषधाला देत राहिलो.

पायरी १: मृगाच्या आधी धुरे आणि वाण

धान नसतो तेव्हा ही माशी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतांत आणि देवधानात (जंगली धानात) तग धरते. पाऊस पडला की पहिली पिढी तिथेच तयार होते आणि मग धानावर येते. म्हणून धुरे साफ करायचे ते पऱ्हे टाकण्याच्या आधी. रोवणी झाल्यावर धुरे छाटले तर तोवर माश्या बांधीत उतरलेल्या असतात. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पोटातलं आणि पाटाच्या कडेचं देवधानही उपटा. उन्हाळी धान घेणाऱ्यांनी कापणीनंतर धसकटं तशीच ठेवून त्यांना फुटवे येऊ देऊ नयेत, लगेच नांगरट करावी.

मग वाण. गादमाशीला दाद न देणारे वाण आहेत आणि ज्या गावात दरवर्षी पोंगे येतात तिथे याहून स्वस्त उपाय नाही. पण इथे एक मोठी चूक होते. शेजारच्या राज्यातून "गादप्रतिबंधक" म्हणून बियाणं आणलं जातं आणि इथे त्यालाही गाद लागते. कारण गादमाशी सगळीकडे सारखी नाही. भारतात तिचे सात उपप्रकार ओळखले गेले आहेत आणि एका उपप्रकाराला तोंड देणारा वाण दुसऱ्यापुढे टिकेलच असं नाही. फाल्गुना हा वाण एके काळी गादमाशीसाठी नावाजलेला होता. आंध्रच्या श्रीकाकुळम भागात १९८०च्या दशकात त्याच्यावरही पोंगे दिसू लागले. तेव्हा वाण निवडताना सिंदेवाही किंवा साकोलीच्या संशोधन केंद्रात, नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा: "आमच्या तालुक्यात सध्या कोणता टिकतोय?" पिशवीवर काय छापलंय यावर जाऊ नका.

तपासा: गेल्या वर्षी तुमच्या वाणावर पोंगे किती होते, ते वहीत आहे का? नसेल तर यंदापासून लिहा.

पायरी २: पऱ्ह्यांची देखरेख

गाद पऱ्ह्यांतही लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रोवणीच्या आधी पऱ्ह्यांतून दोन-चार मुठी उपटा आणि बुडाकडे बोट फिरवा. एखादं रोप बुडाशी कांद्यासारखं फुगलेलं लागलं तर ब्लेडने उभं चिरा. आत गुलाबी-पांढरी बारीक अळी दिसली तर तुम्ही माशी स्वतःच्या हाताने बांधीत रोवणार आहात. अशी रोपं वेगळी काढून खोल पुरा.

पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवा. पाऊस लांबला, मजूर मिळाले नाहीत, म्हणून उशीर होतो हे मान्य. पण उशिरा रोवलेल्या धानाचे फुटव्याचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरात येतात आणि तेव्हाच माशीची संख्या सगळ्यात जास्त असते. गावात सगळ्यांत शेवटी रोवलेल्या बांधीत गाद जास्त का असते, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पायरी ३: मुळं बुडवणे, रोवणीच्या आदल्या संध्याकाळी

गादप्रवण गावांत ही पायरी टाळू नका. क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही, १ मिलिलिटर प्रति लिटर पाणी, या द्रावणात पऱ्ह्यांच्या जुड्यांची मुळं १२ तास बुडवून ठेवायची आणि सकाळी रोवायचं. बांधीच्या कोपऱ्यात उथळ खड्डा करून त्यात ताडपत्री अंथरली की हौद तयार.

कुठे चुकतं:

- जुड्या पाच-दहा मिनिटं बुचकळून काढतात. तेवढ्यात औषध रोपात जात नाही.
- बुडवण्याआधी मुळांचा चिखल धूत नाहीत. द्रावण गढूळ होतं आणि औषध मातीला चिकटून राहतं.
- अख्खी जुडी पानांसकट बुडवतात. मुळं आणि बुडाचा भाग तेवढाच पाण्यात हवा.

सावधान: सकाळी रोवणारे हात बहुतेक बायांचे असतात, दिवसभर त्याच जुड्या हाताळतात. त्यांना रबरी हातमोजे द्या. उरलेलं द्रावण पाटात, तलावात किंवा बोडीत (छोट्या तळ्यात) ओतू नका, मासे मरतात. बांधीपासून दूर, पडीत जागेवर खड्डा करून मुरवा.

पायरी ४: रोवणी आणि पहिलं खत

दाट रोवू नका. एका चुडात २ ते ३ रोपं पुरेत. दाट रोवणीत चुडांच्या बुडाशी ओल टिकून राहते आणि अळीला खाली उतरायला तीच लागते.

युरियाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण औषधाइतकंच नुकसान इथे होतं. नत्र हेक्टरी १०० किलो धरलं तर एकरी ४० किलो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. त्यातली एक रोवणीच्या वेळी, दुसरी अर्धी-अर्धी करून फुटव्याच्या वेळी आणि पोटरी धरण्याच्या सुरुवातीला. स्फुरद आणि पालाश रोवणीलाच द्यायचं, पालाश चुकवायचं नाही. मिश्र खत दिलं असेल तर त्यातलं नत्र या हिशेबातून वजा करा. लोक काय करतात, तर रोवणीनंतर वीस-पंचवीस दिवसांत दोन्ही गोण्या संपवतात. धान काळाभोर, लुसलुशीत होतो, फुटवे भराभर निघतात आणि नेमके त्याच कोवळ्या कोंबांत अळ्या शिरतात.

पायरी ५: दहाव्या दिवसापासून मोजणी

रोवणीनंतर दहाव्या दिवशी पहिली फेरी, मग दर आठवड्याला. सकाळी दव असताना जा. बांधीत तिरकं चालत पाच ठिकाणी थांबा आणि चौकट टाकून आतल्या प्रत्येक चुडातले पोंगे मोजा.

पोंगा म्हणून काय मोजायचं, हेही पक्कं करून घ्या.

गादेचा पोंगा कांद्याच्या पातीसारखा गोल, पोकळ, फिकट हिरवा ते रुपेरी असतो. टोकाला पानाचा एवढासा तुकडा राहिलेला असतो. बोटांत दाबला की पोकळ असल्याचं लगेच कळतं.

गाभेमर म्हणजे खोडकिड्याचं काम. मधलं पान तपकिरी होऊन वाळतं आणि ओढलं की अलगद हातात येतं, बुडाशी कुरतडलेलं. नळी नसते.

फुलकिड्याने गुंडाळलेलं पान सुईसारखं दिसतं, पण ते नखाने उलगडता येतं. गादेची नळी उलगडत नाही, फाटते.

गाभेमर बघून गादेचं औषध टाकणारे मी दरवर्षी पाहतो. दोन मिनिटं खाली वाकून फुटवा ओढून पाहिला असता तर ते पैसे वाचले असते.

आर्थिक नुकसानीची पातळी: जिथे गाद दरवर्षी येते तिथे चौरस मीटरला १ पोंगा. इतर ठिकाणी फुटव्यांपैकी ५ टक्के पोंगे. टक्केवारी काढायला सरसकट निवडलेले २० चूड घ्या. एका चुडाला सरासरी १२ फुटवे असतील तर एकूण २४० झाले, त्यांत १२ पोंगे म्हणजे ५ टक्के. पोंगे दिसतात तेवढेच चूड निवडून मोजले तर आकडा फुगतो, आणि धुऱ्यावरून नजर टाकून अंदाज केला तर तो हमखास कमी येतो.

माश्या उडायला लागल्या का, हे आधीच कळावं म्हणून प्रकाश सापळा लावा. अंधार पडल्यापासून रात्री दहा-अकरापर्यंत दिवा ठेवायचा आणि सकाळी लाल पोटाच्या माद्या मोजून वहीत लिहायच्या. सापळा पाहणीसाठी आहे, त्याने गाद आटोक्यात येईल अशी आशा ठेवू नका. दिवा रात्रभर जळत ठेवला तर उपयोगी किडेही त्यात मरतात.

पायरी ६: पोंगा चिरून पाहा

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. वीस पोंगे बुडापासून उपटा. आधी टोक पाहा. टोकाजवळ भोक आहे आणि त्यात पांढुरकी कोषाची साल अडकलेली आहे, तर माशी गेली, नळी रिकामी आहे. असे पोंगे बाजूला मोजा.

भोक नसलेले पोंगे बुडाकडून उभे चिरा. आत यांपैकी एक दिसेल:

१. गुलाबी किंवा लालसर, गुळगुळीत, हलणारी अळी किंवा कोष. ही जिवंत गादमाशी.
२. अळीची कातडी फुगून पिशवीसारखी झालेली आणि आत बारीक दाणे भरल्यासारखे कोष. हे प्लॅटिगॅस्टर ओरायझी या परजीवी गांधीलमाशीचं काम.

ही गांधीलमाशी काळी आणि फक्त मिलिमीटरभराची असते. गादमाशीच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत ती अंडं घालते, त्या एका अंड्याची पुढे अनेक पिल्लं होतात आणि एका अळीतून गांधीलमाश्यांचा घोळका बाहेर पडतो. मात्र अळी मरते ती शेवटच्या टप्प्यात, तोवर पोंगा तयार झालेला असतो. म्हणून हिचा फायदा आजच्या फुटव्याला मिळत नाही, पुढच्या पिढीच्या वेळी मिळतो. हंगाम पुढे सरकतो तशी हिची संख्या वाढत जाते.

बंद पोंग्यांपैकी निम्म्याहून जास्त परजीवीग्रस्त निघाले तर मी स्वतः औषध टाकत नाही. तुमच्या बांधीचं दरवर्षी नुकसान होत असेल आणि निर्णयाची भीती वाटत असेल तर चिरलेले पोंगे घेऊन कृषी सहायकाला दाखवा.

पायरी ७: परजीवी सोडणे

रोवणीनंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास परजीवीग्रस्त पोंगे दर १० चौरस मीटरला १ या प्रमाणात बांधीत ठेवण्याची शिफारस आहे. एकराला असे ४०० पोंगे लागतात. आधी रोवलेल्या बांधीतून ते मिळू शकतात.

सावधान: न तपासता उचललेले पोंगे म्हणजे विकतचं दुखणं. ज्या बांधीतून आणायचे तिथले वीस पोंगे आधी चिरा. आत जिवंत गादमाश्या जास्त निघाल्या तर तिथले पोंगे आणू नका. आणि ज्या बांधीत परजीवी सोडले तिथे पुढे सरसकट फवारणी करायची नाही.

पायरी ८: दाणेदार औषध, वेळेवर आणि पाणी बांधून

पातळी ओलांडली आणि पोंग्यांत जिवंत अळ्या जास्त असतील, तर दाणेदार औषध द्या. दरवर्षी गाद येणाऱ्या बांधीत रोवणीनंतर १० ते १५ दिवसांचा काळ सगळ्यात महत्त्वाचा, कारण अळ्या तेव्हा कोंबाकडे निघालेल्या असतात. फिप्रोनिल ०.३ टक्के दाणेदार हेक्टरी १६.६७ ते २५ किलो, म्हणजे एकरी साधारण पावणेसात ते दहा किलो. खरेदीआधी लेबलवर धान आणि गादमाशी ही दोन्ही नावं आहेत का वाचा आणि विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारस विचारून घ्या.

फोरेटवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा कुणी स्वस्तात पुढे केला तरी घेऊ नका.

औषध टाकताना हा क्रम पाळा:

१. आदल्या दिवशी धुऱ्यांची भोकं आणि खेकड्यांची बिळं बुजवा.
२. बांधीत पाणी ७ ते १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर आधीच सोडा.
३. दाणे कोरड्या रेतीत मिसळा, हातमोजे घालून सारखे फेका.
४. नंतर ४ दिवस पाणी बाहेर काढू नका.

चौथी गोष्ट मोडली की सगळं वाया जातं. धानाची शेती एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी उतरवण्याची आहे, हे विसरून वरच्या बांधीत औषध टाकतात आणि रात्री पाऊस आला की मुही (पाणी सोडायची वाट) फोडतात. औषध खालच्या बांधीत, तिथून बोडीत. पैसा गेला, गाद राहिली, मासे मेले. पुढचे दोन दिवस मोठ्या पावसाचे असतील तर टाकूच नका, थांबा. कोरड्या बांधीत टाकलेले दाणेही रोपाच्या मुळांपर्यंत जात नाहीत.

पायरी ९: पोंगे दिसल्यावर

शेवटी ऑगस्टच्या त्या प्रश्नावर येतो. पोंगे दिसले आहेत, आता काय?

पहिलं, वही काढा. वाणाचे एकूण दिवस वजा ६५ करा. तेवढ्या दिवसांचा धान, पऱ्हे टाकल्यापासून मोजून, लोंबी धरायच्या तयारीला लागतो आणि त्यानंतर गादमाशी नवीन कोंब पकडू शकत नाही. १२० दिवसांच्या वाणात हा दिवस ५५वा, म्हणजे २५ दिवसांचे पऱ्हे रोवले असतील तर रोवणीनंतर महिनाभर. १४० दिवसांच्या वाणात ७५वा, म्हणजे रोवणीनंतर ५० दिवस. तो दिवस उलटून गेला असेल तर औषधाचा खर्च करू नका.

अजून दिवस शिल्लक असतील तर पायरी ५ आणि ६ करून मगच पायरी ८चा निर्णय घ्या. तो निर्णय पुढच्या पिढीसाठी असेल.

दुसरं, युरिया टाकू नका. गाद लागलेला चूड जास्तीचे फुटवे काढतो, ते खुरटे दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं धानाला खत कमी पडलं. अशा वेळी टाकलेली अर्धी गोणी नवे कोवळे कोंब तयार करते, नेमकी पुढची पिढी उडायच्या वेळी. ठरलेला हप्ता असेल तर माशी ओसरेपर्यंत आठवडाभर पुढे ढकला.

तिसरं, पोंगे उपटायचे असतील तर फक्त भोक नसलेले, आणि चिरून पाहिल्यावर जिवंत अळ्या जास्त निघाल्या असतील तरच. उपटलेले धुऱ्यावर टाकू नका, कोष तिथूनही माशी सोडतो. पिशवीत बांधून घरी न्या आणि खोल पुरा. आणि त्या दिवशी चौरस मीटरला किती पोंगे होते, त्यांत परजीवी किती निघाले, हे वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या मृगाआधी वाण निवडताना लागणारा आकडा तोच आहे.